इंग्रजी ‘मिअँडर’ला (meander, म्हणजे नदीचं वळणं घेत वाहणं, उगाच भटकणं) मराठीत नेमका शब्द कोणता, त्याच्या छटा कोणत्या? ‘नागमोडी’ पुरेसा आहे का?

नदीचा नुसता आकार सांगायचा असेल तर नागमोडी छानच, भूगोलाच्या पुस्तकात पण ‘नागमोडी वळणं’ असंच असतं. पण तुम्ही शब्दाच्या छटाही विचारल्यात, आणि त्या बघितल्या की माझं मन ‘वळण’वर येऊन थांबतं.

मिअँडर हे मुळात एका नदीचं नाव. आजच्या तुर्कस्तानात आहे ती, तिथे ब्युयुक मेंदेरेस म्हणतात. ती इतकी वळत वळत एजियन समुद्राला मिळते की तिचं नाव मग अशा सगळ्याच नदीवळणांना लागलं, ग्रीक भांड्यांवरच्या काटकोनी नक्षीला लागलं आणि दिशा नसलेल्या भटकण्याला, बोलण्यालाही लागलं. म्हणजे इंग्रजीत त्यात भरकटणं आलं.

आपलं वळण अगदी उलटं. मी गोव्यातल्या साखळी गावची, शाळेत बाई हात धरून पाटीवर गिरवून घ्यायच्या, का तर अक्षराला वळण लागायला हवं. पोरांना वळण लावतात, लाडू वळतात, गुरं वळतात, सगळीकडे कुणीतरी आकार देतंय नाहीतर दिशा देतंय. आडवळणाने बोलणारा सुद्धा मुद्दा ठाऊक असूनच फिरवून सांगतो, भरकटत नाही.

आणि ‘वळणाचं पाणी वळणावर’ ही म्हण तर मला नदीचं शास्त्रच वाटते, कारण वळणावर बाहेरच्या काठाला पाणी जोरात लागतं आणि तो काठ खातं, आतल्या काठाला संथ पाण्यात गाळ बसतो, त्यामुळे एकदा पडलेलं वळण आणखी आणखी वाढतच जातं. फार वाढलं की पुराचं पाणी मधूनच सरळ वाट काढतं आणि सुटलेला तुकडा नालाकृती सरोवर होऊन मागे राहतो. पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, आमच्या साखळीजवळच्या विठ्ठलापुरातला विठोबा पण वाळवंटी नदीच्या काठावरच आहे, लहानपणापासून नदी म्हटलं की मला काठ, वाळू आणि वळण हेच डोळ्यासमोर येतं, सरळ रेघ कधीच नाही.

भाषांतर करत असाल तर नदीला ‘नागमोडी वळण’ लिहा, लांबलेल्या भाषणाला ‘पाल्हाळ’, आणि माणूस उगाच फिरत असेल तर सरळ ‘भटकत होता’. एकाच शब्दात तिन्ही बसवायला जाऊ नका.