चापडा चावला तर काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नागपुरात सेमिनरी हिल्सजवळ घर आहे. कुंपणाच्या वेलीवर हिरवागार साप दिसला. बांबू पिट व्हायपर, म्हणजे चापडा असेल का?

बहुतेक हरणटोळ असावा. तो चाबकाच्या वादीइतका बारीक, तोंड टोकदार, डोळ्याची बाहुली आडवी. चापडा जाडसर असतो, डोकं त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी. शिवाय डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो. त्यातल्या पातळ पडद्यामुळे उंदराच्या अंगाची ऊब त्याला अंधारातही कळते. घोणस आणि फुरशाला हा खळगा नसतो. चापड्याचं घर मेळघाटासारखं रान, ओढ्याकाठचा बांबू. खळगा बघायला जवळ मात्र जाऊ नका, लांबून फोटो काढा.

बांबू तोडताना मजुराच्या बोटाला चापडा चावला, तर वर दोरी बांधावी का?

नाही. या विषानं दंशाची जागाच आधी बिघडते: आग, झपाट्यानं चढणारी सूज, कधी फोड. दोरीनं विष तिथंच कोंडतं आणि मांस सडायचा धोका वाढतो. ब्लेडनं चिरू नका, बर्फ लावू नका. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा. अर्ध्या तासानं अंगठी कापूनच काढावी लागेल. हात फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि 108 ला फोन करा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, कारण रक्त आधीच गोठेनासं झालेलं असू शकतं.

मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत नेलं, एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचं औषध दिलं की झालं ना?

इथेच घोळ होतो. भारतात मिळणारं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. चापड्याच्या विषावर त्याचा भरवसा नाही, उलट त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून साप चापडाच होता हे फोटोवरून पक्कं असेल, तर भर देखरेखीवर. साप पाहिलाच नाही आणि रक्त गोठत नाही, तर आपल्याकडे संशय घोणस-फुरशावरच. तिथं एएसव्ही थांबवू नये. सुरुवातीला 8 ते 10 व्हायल (औषधाच्या कुप्या), मुलांनाही तेवढ्याच. साप काही मूल बघून विष कमी ओतत नाही.

रक्त गोठतंय का, हे बघायची चाचणी सोपी आहे. शिरेतलं 2 मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर गोठणं बिघडलंय. पण नळी काचेचीच हवी. काचेच्या स्पर्शानं गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लास्टिकमध्ये ती नीट होत नाही. डिटर्जंटनं धुतलेल्या नळीतही निकाल फसतो. पहिली चाचणी चांगली आली म्हणून घरी पाठवणं चूक; किमान 24 तास ठेवून ती पुन्हा पुन्हा करावी. सूज भयंकर दिसते म्हणून घाईनं चिरा देणं त्याहून वाईट. गोठणं सुधारल्याशिवाय सुरी लावली तर रक्तस्राव आवरत नाही.

केरळच्या सहलीत काय जपावं?

तिथला हम्प-नोज्ड पिट व्हायपर तपकिरी, हातभर लांब, पाचोळ्यात दिसतच नाही. त्याच्या दंशानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि आपलं एएसव्ही त्यावर चालत नाही. चावल्यावर लघवी कमी झाली किंवा काळपट दिसली, तर वेळ न घालवता डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा.