आधी गटांची यादी कर, मग समारंभ

अनेक आशीर्वाद.

नव्या शैक्षणिक वर्षाच्या स्वागताचं काम तुझ्याकडे आलं आणि तू पाहुणे, हॉल, सत्कारांचा क्रम यात गुरफटलीस. नवीन प्राध्यापकावर हे काम टाकलं की गोंधळ व्हायचाच. पण तुझ्या पत्रात प्रश्न इतके, आणि मुलांविषयी एकही नाही, याचा मला राग आला.

नवं पोर कॉलेजात अडतं ते बहुधा कुणाला विचारायचं हे न कळल्यामुळे. घरातलं पहिलंच कॉलेजला आलेलं असेल तर घरीही उत्तर मिळत नाही. म्हणून प्रत्येकाला विचारायला एक माणूस दे. पहिल्या दिवशी, नावानिशी.

वीस-वीसचे गट पाड आणि प्रत्येक गटाला एक प्राध्यापक नेमून दे, तोच त्यांचा माणूस. आडनावांच्या अकारविल्हेने पाडशील तर त्यांचा मोकळा तास कधीच जुळणार नाही. विज्ञानाला प्रात्यक्षिकाची बॅच धर, कला-वाणिज्यला मायनर म्हणजे दुय्यम विषय. गटाचा आठवड्यातला एक तास वेळापत्रकात छापून घे. छापला नाहीस तर पंधरा दिवसांत तिथे कुणाचं तरी जादा लेक्चर बसेल.

पहिल्या तासाला उपदेश नको, बोनाफाईडचे, म्हणजे 'हा आमचा विद्यार्थी' या कॉलेजच्या दाखल्याचे, अर्ज भरून घे. एसटीचा सवलतीचा पास त्याशिवाय निघत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो. त्यावर शिकलेल्या गावाकडच्या मुलींना आता पहिल्यांदा प्रवासाचे पैसे मोजावे लागतात. बोनाफाईड आठवडाभर टेबलावर पडलं की आठवडाभर रोजचं तिकीट, आणि काही घरांत तेवढ्यावरून 'रोज जायलाच हवं का' हा विषय निघतो.

दुसऱ्या तासाला दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. वडिलांच्या नावातलं एक अक्षर इकडेतिकडे असतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यातच येते. जोडणी जुन्या, बंद पडलेल्या खात्याला असेल तर मंजूर झालेले पैसेही हाती पडत नाहीत. विषय पास झाल्यावर मिळणारी क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, ज्या खात्यात जमा होतात त्याचा क्रमांक, एबीसी आयडीसुद्धा याच नावावर अडतो. जुलैत सापडलेली चूक दुरुस्त होते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सापडली तर वर्ष हातचं जातं. पोर्टलवर सूचना असते हे मला सांगू नकोस. सूचना वाचून न कळलेलं विचारायला माणूस लागतो.

विषयनिवडीचंही तेच. मुक्त निवडीचा विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो, लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास लागतात, हे फळ्यावर लिहून दाखव. नाहीतर मैत्रिणीने घेतला म्हणून विषय घेतात आणि त्याचा तास शेवटच्या गाडीनंतर निघतो. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेशीलच. सोबत १८००-१८०-५५२२ हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तुझ्यासमोर जतन करून घे.

सहकारी म्हणतील, ही कारकुनी आमची नाही. त्यांना ऐकवून दे की बोनाफाईडवाचून घरी बसलेल्या मुलीला त्यांचं उत्तम लेक्चर पोचत नाही. मला या बाबतीत हटवादी म्हणतात. म्हणोत. ऑफिसच्या खिडकीवरून तीनदा परत आलेलं पोर चौथ्यांदा जात नाही. हजेरीपटावर मग त्याची नुसती रेघ उरते आणि स्टाफरूममध्ये 'मुलांना शिकायचंच नाही' अशी चर्चा होते. माझा हट्ट त्या चर्चेविरुद्ध आहे. शिष्यवृत्तीचं काम बघणारे भाऊसाहेब आणि ग्रंथपाल यांना मंचावर बसव, बोलू दे. मुलांना वर्षभर गाठायची आहेत ती हीच माणसं.

आणि एवढं करून थांबू नकोस. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, बारावीची पुरवणी परीक्षा पास झालेली मुलं त्याहून उशिरा येतात. समारंभ उरकलेला असतो, गट भरलेले असतात, आणि सगळ्यात जास्त गरज असलेलं पोर मागच्या बाकावर नुसतं बसून राहतं. प्रत्येक गटात दोन-तीन जागा त्यांच्यासाठी मोकळ्या ठेव. प्रवेश विभागाकडून दर सोमवारी नव्या नावांची यादी माग, आणि त्याच दिवशी त्यांना त्यांच्या माणसापर्यंत स्वतः घेऊन जा.