मेडिकलमध्ये अडकलं, मॅडम

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा उच्चारलं गेलंय की समोरच्या व्यक्तीने पर्स खाली ठेवायच्या आधीच ते मला ऐकू येतं. "सगळं झालं होतं हो, मेडिकलमध्ये अडकलं." मेडिकल म्हणजे अमेरिकेच्या व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी. सांगणारी बहुतेक वेळा बायको, नवरा अमेरिकेत. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. "आता आमचं काय होणार?" मी विचारते, "व्हिसाचं, की तुमच्या दोघांचं?"

केतकी (नावं अर्थातच बदलली आहेत) म्हणाली, "एकच आहे ना ते." ते एक नाही, हे पटवण्यात पुढचे दोन महिने गेले.

आधी कागद. लोक माझ्याकडे येतात ते "रिजेक्ट झालं" एवढंच घेऊन. कागद नीट वाचलेला नसतो. घटनेला आपण काय नाव दिलंय ते तपासल्याशिवाय भावनेला हात घालायचा नाही, हा माझा जुना हट्ट आहे. म्हणून मी तिला कागद मोठ्याने वाचायला लावला. तो अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यातल्या कलम २२१(जी) खालचा होता. कायद्याच्या भाषेत हाही नकारच, पण फाइल बंद होत नाही. मागितलेली माहिती आली की पुन्हा विचार होतो. मात्र ती वर्षाच्या आत द्यावी लागते, नाहीतर अर्ज आणि फी पहिल्यापासून. केतकीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग दिसला होता, म्हणून सलग तीन दिवस थुंकीचे नमुने घेतले होते. त्यांच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, निकाल यायचा होता आणि त्याला आठेक आठवडे लागतात. टीबीचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, त्याला कुणाच्या विमानाच्या तिकिटाशी देणंघेणं नसतं.

बरा झालेला टीबीही फुप्फुसावर वण ठेवून जातो, आणि नुसत्या एक्स-रेवरून तो वण जुना की आजार चालू हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून कल्चर. आजार चालू निघाला तरी तो कायमचा शिक्का नसतो. उपचार पूर्ण करून पुन्हा तपासणी होते. व्हिसा अडवणाऱ्या आजारांची यादीसुद्धा दगडावरची रेघ नाही. एचआयव्हीचं नाव जानेवारी २०१० मध्ये त्यातून निघालं. आणखी एक, तपासणारा डॉक्टर व्हिसा देत नाही आणि नाकारतही नाही. तो वैद्यकीय निष्कर्ष लिहितो, निर्णय दूतावासातला अधिकारी घेतो. त्यामुळे डॉक्टरांशी वाद घालून काही साधत नाही. घाबरून नमुने द्यायच्या आधीच परस्पर टीबीची औषधं सुरू करणारेही मी पाहिलेत. त्याने कल्चरचं चित्रच बिघडू शकतं. जुना एक्स-रे, जुन्या उपचाराचे कागद शोधा, ते कामी येतात.

केतकीकडे असे कागद होते. आणि खरी गाठ तिथेच होती.

तेराव्या वर्षी तिला टीबी झाला होता. औषधांचा कोर्स पूर्ण केला, बरी झाली. लग्नाच्या बोलण्यांत आईने बजावलं होतं, "हा विषय काढायचा नाही." तपासणीत मात्र तिने खरं सांगितलं, आणि नवऱ्याला, निखिलला, ते कळलं व्हिसाच्या भानगडीतून.

तिसऱ्या बैठकीला तो स्क्रीनवर आला. चिडलेला, पण अतिशय सभ्यपणे. "मला फक्त फॅक्ट्स हव्यात. नक्की कोणत्या वर्षी? गोळ्या मध्येच सोडल्या होत्यास का? डॉक्टरांना शब्दशः काय सांगितलंस?" केतकी उत्तरं देत होती, आवाज बारीक होत चालला होता. मी मध्ये पडले नाही. नव्या समुपदेशकाला इथे राहवत नाही. मला आता जमतं.

शेवटी ती म्हणाली, "तू पण माझी मुलाखतच घेतोयस. रोज रात्री घेतोस."

तो म्हणाला, "त्या ऑफिसरकडे तुझी फाइल तरी होती. माझ्याकडे काय होतं?"

या एका वाक्यासाठी मी थांबले होते. इतके दिवस तो व्हिसावर चिडत होता, कारण व्हिसावर चिडणं सोपं होतं. आजारी पडल्याबद्दल बायकोला बोलणं त्याच्या सभ्यपणात बसत नव्हतं, आणि लपवल्याचा राग मांडायला त्याला जागा सापडत नव्हती. तो राग रास्त होता, हे मी केतकीसमोरच म्हटलं. पण एका नकाराचा हिशोब दुसऱ्यात लिहिला की कुठलाच जुळत नाही.

"आज तारखा नकोत," मी म्हटलं. "तेरा वर्षांच्या मुलीबद्दल सांग त्याला."

बराच वेळ काहीच नाही. मग ती बोलायला लागली. गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची आणि शाळेत कुणी बघेल म्हणून ती पाणी प्यायचीच नाही. घरात तिचा पेला वेगळा ठेवला होता. (टीबी हवेतून पसरतो, पेल्यातून नाही. तरी अजून घरोघरी पेले वेगळे होतात.)

निखिलने विचारलं, "किती दिवस होता वेगळा?"

व्हिसाशी संबंध नसलेला हा त्याचा पहिला प्रश्न. मी वहीत तो तसाच उतरवून ठेवला आहे.

"माझ्या लग्नापर्यंत," ती म्हणाली.

त्यानंतर मी एकच नियम घालून दिला: व्हिसाबद्दल बोलायचं ते आठवड्यातून एकदा, रविवारी, अर्धा तास, समोर कागद ठेवून. कोण कोणाला ई-मेल करणार, वकिलाला काय विचारायचं, सगळं त्या अर्ध्या तासात. इतर दिवशी विषय निघाला तर "रविवारी" एवढंच म्हणायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी तो चारदा मोडला, असं निखिलनेच कबूल केलं.

कल्चरचा निकाल यायला अजून दहा दिवस होते तेव्हा केतकी बैठकीला वीस मिनिटं उशिरा आली. धापा टाकत म्हणाली, "सॉरी मॅडम, निखिलशी बोलत बसले होते."

"काय म्हणत होता?"

ती आठवायला लागली, आणि तिला काही आठवेना.