जोर 'ट्यू'वर द्यायचा

प्रश्न : मॅडम, माझं शालेय शिक्षण मराठी माध्यमात झालं. आता एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात मूट कोर्टमध्ये (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या न्यायालयात) 'अनकॉन्स्टिट्यूशनली', म्हणजे घटनाबाह्य रीतीने, हा शब्द मला वारंवार म्हणावा लागणार आहे आणि दर वेळी मधेच जीभ अडखळते. तो तोडायचा कसा आणि जोर कुठे द्यायचा?
– एक विद्यार्थिनी, लालबाग

उत्तर : मराठी बोलताना आपण जवळपास प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो आणि इंग्रजी शब्दही तसाच म्हणायला जातो. तिथेच तुझा दम संपत असणार. हनुवटीखाली हात धर आणि सावकाश म्हण : अन्-कॉन्-स्टि-ट्यू-शन्-अल्-ली. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे. इथे सात. भराभर बोलताना शेवटचे तुकडे एकमेकांत मिसळून नुसतं 'शन्ली' ऐकू येतं. तेही चालतं.

मुख्य जोर चौथ्यावर, 'ट्यू'वर. हे पाठ करायची गरज नाही, कारण त्याला नियम आहे : 'शन'ने संपणाऱ्या शब्दात जोर 'शन'च्या लगेच आधी येतो. नेशन, एज्युकेशन, एक्झॅमिनेशन म्हणून बघ. 'कॉन्स्टिट्यूट' या क्रियापदात जोर 'कॉन'वर असतो. 'शन' लागला की तो सरकून 'ट्यू'वर येतो आणि तिथेच बसतो. मग मागे 'अल' आणि 'ली' जोडा, पुढे 'अन' लावा, तो हलत नाही. 'कॉन'वर थोडा दुय्यम जोर राहतो. 'स्टि', 'शन', 'अल' मात्र अगदी हलके, ओझरते म्हणायचे.

या शब्दाची घडण मला फार आवडते. 'अन' आणि 'ली' ही दोन्ही टोकं जुन्या इंग्रजीतली, गाभा लॅटिनचा. 'कॉन' म्हणजे एकत्र, आणि पुढे 'उभं करणं' या अर्थाचं क्रियापद. त्याचं मूळ आणि आपल्या संस्कृत 'स्था'चं मूळ एकच, म्हणजे 'स्थापना' हा शब्दही त्याच कुळातला. स्पेलिंगमध्ये दोन 'एल' का, तेही इथेच कळतं : एक 'अल'चा, दुसरा 'ली'चा.

सराव शेवटाकडून कर. 'ली', 'अली', 'शनली', 'ट्यूशनली', असं मागून पुढे वाढवत ये. घडी बसली की पूर्ण वाक्य घे : 'द स्टेट हॅज अ‍ॅक्टेड अनकॉन्स्टिट्यूशनली.' सुटा शब्द जमतो आणि वाक्यात गडबडतो, असं मी वर्गात नेहमी पाहते.

आणि एक. मुख्य जोर 'ट्यू'वर असला तरी 'अन' गिळू नकोस. तो ऐकू आला नाही तर तुझा सगळा युक्तिवाद उलटा होतो, सरकारने घटनेनुसारच वागल्याचं तू सांगतेयस असं न्यायाधीशांना वाटेल. ज्या मुंबईत १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, तिथल्या मूट कोर्टात हा शब्द खणखणीतच उमटला पाहिजे. 'अ‍ॅक्टेड'नंतर किंचित थांब, श्वास घे आणि मग 'अन' स्पष्ट म्हण.