वाचकांचे प्रश्न : आखातावर पीएचडी करून काय मिळणार?

प्रश्न : मी राज्यशास्त्र घेऊन टी.वाय.ला आहे. आमच्या घरातले निम्मे पुरुष आखातात. थोरले काका १९९०मध्ये कुवेतहून सगळं टाकून परत आले. मला मध्यपूर्वेचं राजकारण आणि भारताचं परराष्ट्र धोरण यावर पीएचडी करायची आहे. घरचे म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. अरबी शिकावीच लागेल का? दिल्लीला जावंच लागेल का? 
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : घरच्यांचं अगदीच चूक नाही. नेट या पात्रता परीक्षेत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये मिळतात, पुढे थोडे वाढतात. पण पीएचडीनंतर कायम जागा निघेपर्यंत मी सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. तेव्हा बँकेचा फॉर्मही भरून ठेव, बिघडत नाही.

अरबीच्या बाबतीत मात्र सवलत नाही. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी इंग्रजी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर उभं केलं होतं. सरांनी तीन पानं वाचली आणि गठ्ठा परत सरकवला. ‘हे मला रोज सकाळी चहाबरोबर कळतं,’ एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात मी अरबीच्या वर्गाला नाव घातलं. मराठी माणसाला ही भाषा अर्धी ओळखीची वाटते, आणि तिथेच फसगत होते. आपली ‘हरकत’ म्हणजे आक्षेप. अरबीत हालचाल, चळवळ. ‘हमास’ हे आद्याक्षरांचं नाव, त्यातला ‘ह’ याच हरकतीचा. ‘गरीब’ म्हणजे तिकडे परका. ‘दौलत’ म्हणजे चक्क राज्य! हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा मला पेशवाईतली पत्रं आठवली. तिथेही दौलत म्हणजे पैसाअडका नव्हे, राज्यच.

आणि हो, ‘मध्यपूर्व’ लिहू नकोस, ‘पश्चिम आशिया’ लिही. तो प्रदेश लंडनहून पाहणाऱ्याच्या पूर्वेला. मांडवीच्या किनाऱ्यावर उभी राहा, समोर पश्चिमच आहे.

दिल्लीला जावं लागेल. जेएनयूत पश्चिम आशियाचं स्वतंत्र केंद्र आहे, जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागार आहे. पण आधी मुंबईत काळा घोड्याला जा. १८३९मध्ये इंग्रजांनी घेतलेलं येमेनमधलं एडन बंदर मुंबई इलाख्यात होतं, आणि आखातातल्या बुशहरच्या रेसिडेंटचा, म्हणजे तिथल्या ब्रिटिश प्रतिनिधीचा, कारभार १८७३पर्यंत मुंबई सरकारकडेच होता. त्यामुळे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात एडनची दप्तरं सापडतात. इतकी जुनी दप्तरं तुला कामाला येतील न येतील, पण चिठ्ठी भरून दप्तर मागवायची, दिवसभर बसून दोन ओळी टिपून आणायची सवय तिथे लागते.

आता विषय. ‘भारत-इस्रायल संबंध’ असं काही घेऊन येऊ नकोस, बुडशील. भारताने इस्रायलला मान्यता दिली सप्टेंबर १९५०मध्ये आणि पूर्ण राजनैतिक संबंध जोडले जानेवारी १९९२मध्ये. मधल्या काळात मुंबईत इस्रायलची नुसती कॉन्सुलेट होती, दूतावासाहून खालच्या दर्जाची कचेरी. तेवढ्या एका कचेरीवर प्रबंध होईल.

तुझा विषय तर तुझ्या घरातच बसलाय. १९९०मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणलं गेलं, बहुतेकांना जॉर्डनच्या राजधानीतून, अम्मानहून, एअर इंडियाच्या विमानांनी. परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला गेले, सद्दामने त्यांना मिठी मारली आणि त्या फोटोवरून इथे टीकेची झोड उठली. मिठीवर पुष्कळ लिहून झालंय. कुवेतहून बगदादमार्गे अम्मानपर्यंत बसने गेलेल्या रत्नागिरीच्या फिटरला आपलं सरकार नेमकं कुठे भेटलं, कोणत्या कागदाच्या रूपाने भेटलं, हे मला अजून वाचायचंय.

काकांकडे त्या वेळचा पासपोर्ट असेल, तर शिक्क्यांच्या तारखा आधी उतरवून घे. गणपतीला त्यांचे कुवेतचे सोबती घरी येतीलच. त्यांच्याशीही बोल, मात्र रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी त्यांची परवानगी घे. काहींचे पगार तिकडेच बुडालेत, त्यावर ते बोलतीलच असं नाही.