वाचकांचे प्रश्न : आठ कोअर असूनही प्रोग्राम संथ का?

प्रश्न : एका दूध संघासाठी उत्पादकांची दहा दिवसांची बिले काढणारा सी प्लस प्लसमधील प्रोग्राम मी 2001 साली लिहिला. सुरुवातीची काही वर्षे नवा संगणक आला की तो आपोआप जलद होत असे. यंदा आठ कोअरचा (म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग असलेला) संगणक घेतला, तरी बिलांना 40 मिनिटे लागतातच आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर 12-13 टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून हिशेब आठ थ्रेडमध्ये (एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांत) वाटला, तर संघाची एकूण देय रक्कम दर वेळी वेगळी येऊ लागली. नेमके कोठे चुकते आहे?
– एक वाचक

उत्तर : शंभराला आठाने भागले की साडेबारा येतात, म्हणजे एकच कोअर राबत होता आणि उरलेले सात बसून होते. 2004 च्या सुमारापर्यंत प्रोसेसरची गती वाढत गेल्याने जुना प्रोग्राम काहीही न बदलता जलद होत असे. पुढे उष्णता आणि वीज आवरेनाशी झाली, 4 गिगाहर्ट्झच्या पेंटियम 4 चा बेत इंटेलने त्याच वर्षी सोडून दिला आणि 2005 मध्ये इंटेल व एएमडी या दोघांचेही दोन कोअरचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. तेव्हापासून काम वाटून देण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आली आहे.

रक्कम का बदलते, हे नीट समजून घ्यावे, कारण संथपणापेक्षा ही चूक फार गंभीर आहे. येथे उत्पादकाच्या घामाचे पैसे आहेत. एकूण रकमेत बिल मिळवण्याची ओळ दिसते एक, पण तिच्यात वाचणे, मिळवणे आणि परत लिहिणे अशा तीन क्रिया असतात. एकूण 500 असताना दोन थ्रेडनी ती एकाच वेळी वाचली, एकाने 20 आणि दुसऱ्याने 30 मिळवले, तर शेवटी 550 ऐवजी 520 किंवा 530 उरतात. दर बेरजेला म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) लावल्यास उत्तर बरोबर येईल, परंतु आठही थ्रेड एकाच दारापाशी रांगेत उभे राहतील. त्यापेक्षा प्रत्येक थ्रेडने आपली बेरीज स्वतःच्या स्थानिक चलात ठेवावी आणि शेवटी आठ बेरजा एकत्र कराव्यात. ओपनएमपी या थ्रेडसाठीच्या साधनातील रिडक्शन ही सोय हेच करते. या आठ बेरजा एकाच ॲरेत (सलग रकान्यांच्या यादीत) शेजारी-शेजारी ठेवून सतत बदलू नका: बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कॅश लाइन, म्हणजे त्याच्या जवळच्या जलद स्मृतीत एकत्र हलणारा तुकडा, 64 बाइटची असते आणि एका लाइनवर अनेक कोअर लिहू लागले की ती त्यांच्यात सारखी फिरत राहते आणि वेळ वाया जातो. रक्कम डबलमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) रुपयांत न ठेवता एकूण किती पैसे अशा पूर्णांकात ठेवा, कारण अपूर्णांकांच्या बेरजेत क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात.

आता वेगाचे. डेटाबेसमधून वाचणे आणि बिले लिहिणे यांना 40 पैकी 10 मिनिटे लागतात आणि ती एकापाठोपाठच व्हावी लागतात, असे धरा. उरलेली 30 मिनिटे आठ कोअरवर अगदी समान वाटली, तरी एकूण पावणेचौदा मिनिटे लागतील, म्हणजे वेग जेमतेम 2.9 पट होईल. कोअर कितीही वाढवले तरी 10 मिनिटांच्या खाली जाता येणार नाही. संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेली मर्यादा ती हीच. म्हणून थ्रेड लिहिण्याआधी प्रोफाइलर (प्रोग्रामचा वेळ मोजणारे साधन) लावून कोठे किती वेळ जातो ते मोजा. तुमचा खरा वेळ डेटाबेसकडे जात असेल, तर आधी तेथेच दुरुस्ती करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटणी गावच्या दूध संस्थेनुसार करा. फॅट व एसएनएफनुसार (दुधातील स्निग्धांश व स्निग्धेतर घन पदार्थांनुसार) दर आणि पशुखाद्याची कपात हे सारे त्या त्या उत्पादकापुरते असते, त्यामुळे एका संस्थेचा हिशेब दुसरीवर अवलंबून राहत नाही. मात्र संस्था लहान-मोठ्या असल्याने सरसकट आठ समान वाटे पाडू नका. मोकळ्या झालेल्या थ्रेडने पुढची संस्था उचलावी. क्लँग व जीसीसी या कंपायलरमध्ये उपलब्ध असलेला, थ्रेडमधील अशा टकरी शोधणारा थ्रेड सॅनिटायझर लावून एकदा चाचणी घ्या आणि जुना एक-थ्रेडचा मार्ग काढून न टाकता, निदान चार-पाच बिलपाळ्या दोन्हींचे निकाल पैशापैशाने ताडून पाहा.