आधी पाणबुडी, की आधी पाण्यातली माणसे?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीने एखादे जहाज बुडवले, तर सोबतची विनाशिका पाण्यात पडलेल्या माणसांना वाचवायला थांबत असे, की पाणबुडीच्या मागे लागत असे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : थांबलेली विनाशिका म्हणजे पाणबुडीला आयते सावज, आणि पाणबुडी निसटू दिली तर ताफ्यातल्या उरलेल्या जहाजांवर संकट, त्यामुळे आधी पाठलाग आणि मग बचाव, असाच सर्वसाधारण क्रम असे. दोन विनाशिका असल्या तर कामे वाटून घेता येत. परंतु तेवढ्याने पेच सुटत असे असे नाही, हे ‘पेटार्ड’ या ब्रिटिश विनाशिकेच्या हकिकतीवरून दिसते.

मोंबासाहून कोलंबोला निघालेली पाच सैनिकवाहू जहाजे १२ फेब्रुवारी १९४४ रोजी मालदीवजवळ पोहोचली होती आणि ‘हॉकिन्स’ ही क्रूझर, ‘पेटार्ड’ व ‘पॅलाडिन’ या विनाशिका त्यांच्या संरक्षणाला होत्या. दुपारी आय-२७ या जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी त्यांपैकी ‘खेदिव्ह इस्माईल’ हे जहाज दोनेक मिनिटांतच तळाला गेले. पूर्व आफ्रिकेच्या तोफखान्याचे जवान, नौसैनिक आणि परिचारिका मिळून सुमारे १,३०० जणांचा बळी गेला. डेकखाली असलेल्या बहुतेकांना वर येण्याइतकाही अवधी मिळाला नाही.

‘पॅलाडिन’ने बोटी उतरवून बचाव सुरू केला आणि ‘पेटार्ड’ शोधाला लागली. पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचे अंतर व दिशा सांगणाऱ्या ॲस्डिक यंत्राने तिचा ठाव लावला, पण पाणबुडी होती जिवासाठी धडपडणाऱ्या माणसांच्या जवळच. डेप्थ चार्ज हा पाणबुडीवर टाकायचा बाँब ठरलेल्या खोलीवर फुटतो, आणि पाणी दाबले जात नसल्याने त्याचा धक्का जवळ पोहणाऱ्याच्या फुप्फुसांना व आतड्यांना थेट इजा करतो. हे ठाऊक असूनही ‘पेटार्ड’ने ते टाकले, आणि त्यात वाचलेल्यांपैकीही काही जण दगावले. उरलेल्या चार जहाजांवरच्या माणसांचा विचार करता कप्तानाला दुसरा मार्ग नव्हता, असे माझे मत आहे. पण ज्यांनी तो आदेश पाळला, त्यांच्या मनावरचे ओझे त्यामुळे हलके होत नाही.

अखेर पाणबुडी वर आली, तरी तोफगोळ्यांना तिचे कवच भेदता येईना. तिला धडक देऊ पाहणाऱ्या ‘पॅलाडिन’चेच बूड पाणबुडीच्या बाजूला असलेल्या, तिला वर-खाली वळवणाऱ्या पंखाने चिरले. ‘पेटार्ड’चे सहा टॉर्पेडो हुकले आणि सातव्याने आय-२७ बुडाली. याआधी १९४२ मध्ये याच विनाशिकेने भूमध्य समुद्रात जर्मनीची यू-५५९ आणि इटलीची ‘उआर्शेक’ या पाणबुड्या बुडवण्यात भाग घेतला होता.

‘खेदिव्ह इस्माईल’वरचे जेमतेम दोनशेच्या आसपास लोक वाचले, त्यांत सहा स्त्रिया होत्या. पाणी शिरलेल्या ‘पॅलाडिन’ला ‘पेटार्ड’ने ओढत मालदीवमधल्या अड्डू बेटांवरच्या नौदल तळापर्यंत नेले.